निकालाप्रमाणे अनुदान : एका प्रयोगाची ३५ वर्षे

शाळा सुधारायच्या असतील तर शिक्षकाचे वेतन मुलांच्या निकालाशी जोडा, अशी सूचना अधूनमधून आपल्या कानावर येते. ऐकायला ती नवी वाटते, पण ती बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२ ते १८९७ अशी ३५ वर्षे हा प्रयोग देशभर झाला. त्याच काळात आपल्या मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांनाही निकालावर अनुदान मिळत असे. या प्रयोगात शिक्षकाचे, शाळेचे आणि विशेषतः विज्ञानाचे काय झाले, ते आपण पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील गरिबांच्या बहुतेक शाळांत शिकलेला शिक्षक नसेच. शंभर-दोनशे मुलांमागे एक मास्तर असे. तो थोराड मुलांना धडा सांगे आणि ती मुले लहानांकडून तो घोकून घेत. अँड्र्यू बेल यांनी ही पद्धत मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत वापरली होती. तिथून ती इंग्लंडला गेली आणि स्वस्त म्हणून लोकप्रिय झाली.

हे बदलण्याचा मोठा प्रयत्न जेम्स के-शटलवर्थ यांनी केला. ते मूळचे डॉक्टर. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांनी काम केले होते. १८३९ मध्ये शिक्षणविषयक सरकारी समितीचे ते पहिले सचिव झाले. चांगल्या शिक्षकावाचून चांगली शाळा होत नाही आणि शिक्षक आपोआप तयार होत नाही, हे त्यांनी ओळखले. १८४० मध्ये बॅटरसी येथे त्यांनी सहकाऱ्याबरोबर अध्यापक विद्यालय काढले. १८४६ मध्ये सरकारने त्यांची योजना स्वीकारली. या योजनेत तेरा वर्षांचा हुशार मुलगा किंवा मुलगी पाच वर्षे शिकाऊ शिक्षक म्हणून राही. पहिल्या वर्षी त्याला १० पौंड मिळत, ते वाढत वाढत २० पौंड होत. मुख्य शिक्षकाने त्याला रोज दीड तास वेगळे शिकवायचे आणि त्याबद्दल शिक्षकाला जादा पैसे मिळायचे. पुढे शिष्यवृत्तीवर अध्यापक विद्यालय, तिथून प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रधारकाच्या पगारात सरकारची भर. गरिबाच्या मुलाला शिक्षक होण्याची एक पायरीपायरीची वाट यातून तयार झाली.

याच सुमारास विज्ञानही खेड्यातल्या शाळेत पोहोचू लागले होते. हॅम्पशायरमधील किंग्ज सॉम्बोर्न या गावी रिचर्ड डॉज या धर्मगुरूने १८४२ मध्ये शाळा काढली. हे गृहस्थ केंब्रिजमध्ये गणित शिकवून आले होते. घरात आणि शेतात रोज दिसणाऱ्या वस्तूंवरून विज्ञान शिकवायचे, ही त्यांची रीत. पंपाने पाणी वर कसे चढते, किटलीतला चहा गरम का राहतो, असे प्रश्न मुलांपुढे ठेवायचे आणि गणिते गावच्या व्यवहारातून काढायची. सरकारी तपासनीसांनी या शाळेची वाखाणणी केली आणि 'नित्याच्या वस्तूंचे विज्ञान' ही कल्पना इतर शाळांतही जाऊ लागली.

मात्र सरकारचा शिक्षणावरील खर्च वाढत चालला होता आणि क्रिमियाच्या युद्धाने तिजोरीवर ताण आणला होता. १८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये एक गंभीर त्रुटी दाखवली. वरच्या वर्गाकडे शिक्षकांचे लक्ष असते, पण लहान मुले वाचन-लेखनातही कच्ची राहतात, असे आयोगाचे म्हणणे होते. ही तक्रार अगदी निराधार नव्हती. शिक्षण खात्याची धुरा तेव्हा रॉबर्ट लोव्ह यांच्याकडे होती. त्यांनी संसदेला सांगितले, की नवी पद्धत स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल.

१८६२ च्या सुधारित नियमावलीचा हिशेब असा होता : मुलामागे सरासरी हजेरीबद्दल ४ शिलिंग आणि परीक्षेबद्दल ८ शिलिंग. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाची तपासनीसाने वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घ्यायची. एका विषयात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्हींत नापास झाले, किंवा परीक्षेच्या दिवशी मूल गैरहजर राहिले, की आठही शिलिंग बुडाले. शिक्षकाला आणि शिकाऊ शिक्षकाला सरकारकडून थेट मिळणारे पैसे बंद झाले. आता सारे अनुदान शाळेच्या चालकांकडे जाई आणि पुष्कळ ठिकाणी शिक्षकाचा पगार त्यातल्या वाट्यावर ठरू लागला.

परिणाम लवकरच दिसला. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले अनुदान १८६५ मध्ये सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले. म्हणजे पद्धत स्वस्त तर नक्कीच पडली. कच्च्या मुलांकडे काही शाळांत पूर्वीपेक्षा जास्त लक्ष गेले, हेही मान्य केले पाहिजे. पण शिकाऊ शिक्षकांची संख्या घसरली आणि अध्यापक विद्यालयांना ओहोटी लागली. ज्या विषयाला शिलिंग नाही, त्याला वेळापत्रकात जागा उरली नाही. डॉज यांचे विज्ञान कोणी चुकीचे ठरवले नव्हते. ते फक्त हिशेबातून वगळले गेले, आणि तेवढ्याने शाळांतून नाहीसे झाले. पुढे १८६७ पासून जादा विषयांना थोडे अनुदान सुरू करावे लागले, पण मोडलेली घडी सहज बसली नाही.

मुलांनी वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करावे आणि उलटे धरूनही 'वाचून' दाखवावे, असे प्रसंग त्या काळच्या आठवणींत सांगितले जातात. कवी मॅथ्यू अर्नल्ड हे शाळा तपासनीस होते. १८६७ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिले, की युक्तीने तयारी करून घेतली तर वाचता, लिहिता, हिशेब करता न येणारे मूलही या परीक्षेत पास करता येते. तपासनीसाचे कामही पालटले. पूर्वी तो शिक्षकाशी बोले, चार सूचना करी. आता तो पैसे कापणारा साहेब झाला. आपल्याकडे जुन्या पिढ्यांच्या मनात 'दिपोटी' या शब्दाची जी धास्ती होती, ती आठवली की हे समजायला सोपे जाते.

१८७० मध्ये इंग्लंडच्या प्राथमिक शिक्षकांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि या पद्धतीविरुद्ध सतत आवाज उठवला. १८९० पासून ती सैल होत गेली आणि १८९७ मध्ये संपली.

आपल्याकडे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यातला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी मागितले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि प्रसंगी नांगरालाही हात लावतील, असे त्यांचे म्हणणे. जास्त मुले पास करणाऱ्या शिक्षकाला जादा भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे उत्तेजनाला त्यांचा विरोध नव्हता, पण ते पोटभर पगाराच्या वर होते. लोव्ह यांच्या हिशेबात पोटाचा पगारच पणाला लागलेला होता. आयोगाने मात्र प्राथमिक शाळांसाठी निकालावरील अनुदानाचीच शिफारस केली आणि ती पद्धत इथे लॉर्ड कर्झनच्या काळापर्यंत रेंगाळली.

या इतिहासावरून परीक्षा नकोत किंवा शिक्षकाने उत्तर देऊ नये, असे आम्हाला म्हणायचे नाही. न्यूकॅसल आयोगाने दाखवलेला आजार खराच होता, औषध तेवढे चुकले. लहान मुले कच्ची राहत असतील तर त्यांना शिकवणाऱ्याला वेळ, साधने, प्रशिक्षण आणि बरोबरीने विचार करणारा तपासनीस मिळायला हवा होता. ती वाट १८४६ पासून पायरीपायरीने बांधली जात होती. ती मोडायला एक नियमावली पुरली.

आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढच्या वेळी निकालाच्या तक्त्यावर चर्चा होईल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारावा : या तक्त्यात ज्याला रकानाच नाही, असे आपण वर्गात काय काय शिकवतो? त्याची यादी करून ठेवावी. पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवावी.