हरवलेल्या बालकांचा शोध : शासकीय साहाय्य (भारत)

अठरा वर्षांखालील बेपत्ता मुलाचा ठावठिकाणा लावणे, सापडलेल्याची ओळख पटवणे व त्याला घरी पोहोचवणे यांसाठीची शासकीय यंत्रणा. पोलीस, बालकल्याण समिती, रेल्वे सुरक्षा दल आणि महिला व बालविकास विभाग हे तिचे प्रमुख घटक होत.

गुन्हानोंद : पूर्वी पोलीस ठाण्यात अशा मुलाची बहुधा नुसती ‘मिसिंग’ दाखल होई. उंची, रंग, अंगावरचे कपडे, तीळ-गोंदण एवढे लिहून घेऊन बिनतारी संदेश धाडला, की काम झाले. गुन्हाच नसल्याने तपासाची सक्ती नव्हती. नोएडातील निठारी येथील बालहत्यांच्या प्रकरणाने (२००६) ही ढिलाई चव्हाट्यावर आणली. निर्णायक बदल मात्र ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशाने झाला. मूल पळवले गेले वा अपव्यापारात अडकले, असे गृहीत धरूनच एफआयआर नोंदवणे त्याने बंधनकारक केले. त्यामुळे महाराष्ट्रात मूल रुसून घराबाहेर पडले असले, तरी अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा (पूर्वी भारतीय दंडसंहिता कलम ३६३, आता भारतीय न्याय संहिता कलम १३७) दाखल होतो. अपहरणाचे वाढलेले आकडे वाचताना हे ध्यानात घ्यावे लागते. वृत्तपत्रे ते सहसा घेत नाहीत. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास मानवी अपव्यापार प्रतिबंधक कक्षाकडे जातो.

ओळख पटवणे : एकटे आढळलेले मूल २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. खरी अडचण पुढे असते. मूल लहान असेल किंवा बोलू शकत नसेल, तर गावाचे नाव मिळत नाही आणि मुक्काम बालगृहात लांबतो. येथे आधार नोंदणीचा अनपेक्षित उपयोग झाला. बालगृहातील मुलाचे आधार काढताना ठसे घेतले, तर कधी अर्ज फेटाळला जातो. कारण तेच ठसे दुसऱ्या नावाने आधीच नोंदलेले असतात. त्या जुन्या नोंदीवरून घर सापडते. नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रातून काही मुले अशी घरी परतली. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेतलेच जात नसल्याने त्या वयात हरवलेल्यांना हा मार्ग बंद आहे.

दिल्ली पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख पटवल्याचे सांगण्यात आले. तिच्या अचूकतेविषयी पुढे दिल्ली उच्च न्यायालयातच प्रश्न निघाले.

मोहिमा : गाझियाबाद पोलिसांची ‘ऑपरेशन स्माइल’ (२०१४) केंद्राने २०१५ मध्ये देशभर नेली, ‘ऑपरेशन मुस्कान’ ही तिचीच पुढची आवृत्ती. महाराष्ट्रात तिच्या अनेक फेऱ्या झाल्या. रस्त्यावर राहणारी मुले व नोंदवलेली हरवलेली मुले यांची मोजणी एकत्र होत असल्याने यशाच्या आकड्यांबाबत मतभेद आहेत.

संकेतस्थळे : ट्रॅकचाइल्ड, खोया-पाया (२०१५).

मदतवाहिनी : १०९८. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू, पुढे शासनाकडे.

अर्थसाहाय्य : मिशन वात्सल्य योजनेतून. बहुतेक राज्यांत केंद्र-राज्य वाटा ६०:४०.