बदनामीचा नफा

इ.स.पू. 356 मध्ये ग्रीकांच्या इफिसस शहरात एका माणसाने आर्टेमिस देवीचे भव्य मंदिर जाळले, केवळ आपले नाव व्हावे म्हणून. इफिससकरांनी त्याला मृत्युदंड दिला, नाव उच्चारायलाही बंदी घातली. तरी थिओपोम्पस या इतिहासकाराने ते लिहून ठेवलेच!

2010 साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका पाद्र्याने कुरआन जाळण्याची घोषणा केली. (त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही.) त्याच्या चर्चमध्ये जेमतेम पन्नास माणसे. पण राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जाहीर आवाहन केले, संरक्षणमंत्री गेट्स यांनी स्वतः फोन केला. गल्लीतला माणूस जगभर पोचला. तेव्हा तो थांबला.

20 मार्च 2011 रोजी त्याच्या चर्चमध्ये कुरआनची प्रत खरोखर जाळली गेली, तेव्हा माध्यमांनी फारशी दखल घेतली नाही. लाखो हाफिजांच्या छातीत असलेल्या कुरआनचे त्याने काय बिघडणार होते? पण अफगाणिस्तानचे अध्यक्ष करझाई यांनी निषेध केला आणि बातमी तिथल्या मशिदीमशिदीत गेली. 1 एप्रिलला, जुम्याच्या नमाजनंतर, मजार-ए-शरीफमध्ये जमाव संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर चालून गेला. तिथले सात परदेशी कर्मचारी मारले गेले. त्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता.

पाद्र्यासमोर पुन्हा कॅमेरे आले. आपण जबाबदार नाही, असे त्याने सांगितले.