माळ्यावरचा रुमाल

आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे, त्यामुळे गेला महिनाभर घरात आवराआवर चालू आहे. भाची मदतीला आली होती. तिचा नियम सोपा: "मामी, वर्षभर ज्याला हात लागला नाही ते टाकून द्यायचं." नियम चांगला आहे. वातीचा स्टोव्ह, कान तुटलेल्या कपबश्या, यांचा छत्र्यांचा संग्रह, सगळं दोन दिवसांत मार्गी लागलं. पण कागदांची ट्रंक उघडली आणि माझा हात अडला. ती वैतागली. त्यामागची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तुम्हालाही सांगितलेली नाही, ती आज सांगते.

१९७९ सालची दिवाळी. आम्ही साताऱ्याच्या घरी होतो. सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि माळा साफ करायचं काम माझ्याकडे आलं. तिथे एका कोपऱ्यात मळकट फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं होतं. जुन्या दप्तरात अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. आत सगळं मोडी. सासऱ्यांना ते वाचता येत असे, आमच्यापैकी कुणालाच नाही. आमच्या वेळेपर्यंत शाळेतून मोडी गेलीच होती. कडांना वाळवी लागली होती, हात लावला की भुगा पडत होता. रद्दीवाला दारात उभा होता. मी गाठोडं त्याच्या तराजूत टाकलं. आलेल्या पैशांचे मुलांना फुलबाजे आणले.

पाडव्याला भाऊजी आले. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, माळ्यावरचा रुमाल कुठं ठेवलात? मोडी शिकायचं ठरवलंय मी." मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असू दे, तुम्हाला काय कल्पना!"

मंडळी, बोचतं ते हेच. मला पूर्ण कल्पना होती. मी इतिहास शिकवत होते! इतिहासाचार्य राजवाड्यांचा धडा दरवर्षी रंगवून सांगत होते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडले ते अशाच माळ्यांसाठी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातले पानिपतापर्यंतच्या दहाबारा वर्षांचे कागद त्यांना वाईला मिळाले होते. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तेही अशा कागदांना हक्काचं घर मिळावं म्हणूनच. पुष्कळ घरांतून मात्र त्यांना कागद पाहूही दिले गेले नाहीत.

लोक असे का वागत? मुलांना मी त्याचं कारण सांगत असे. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी सरकारी दप्तर ताब्यात घेतलं आणि पुढे इनामांची चौकशी सुरू केली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. ज्याच्यापाशी सनद, त्याची जमीन टिकायची. पुरावा नसला की ती जायची. तेव्हापासून कागद म्हणजे घराचा जीव झाला. तो परक्या माणसाला कोण दाखवणार? आज्याने भीतीपोटी जपलेला कागद नातवाला निरुपयोगी वाटू लागला, पणतवाला तर वाचताही येईना. मग वाळवी, पाऊस, नाहीतर माझ्यासारखी सून.

सरकारी दप्तराचं नशीब बरं. पुण्यात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आजही आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत छापून निघाले. पण त्यात बहुतेक लढाया, तह, हिशेब, कारभार. सामान्य घरात लग्नाला किती खर्च आला, कुणाला किती जोंधळा उसना दिला, कोणती लेक माहेरी परत आली, हे कळायचं तर घरचेच रुमाल हवेत. आणि नेमके तेच रद्दीत जातात, कारण त्यात कुणी 'मोठं' माणूस नसतं.

आमच्या रुमालात काय होतं? ते आता कधीच कळणार नाही. सनद असेल, नाहीतर वाण्याची यादीही असेल.

आता ट्रंकेकडे येते. सासूबाईंच्या एका पोथीचा पुठ्ठा सुटला होता. तो उचलला तर आतून मोडीचा एक कागद चिकटवलेला! जाडी यावी म्हणून कुणीतरी लावलेला. ओळखीतल्या एका मोडी शिकलेल्या मुलाने तो वाचून दिला. कुणाला किती पायल्या धान्य दिलं त्याची टिपणं आहेत. वर तिथी असणार, पण नेमका तेवढाच भाग फाटलेला. वाचताना तो म्हणाला, "आजी, इथे बघा, हे खोडलंय. म्हणजे फेडलं असणार." एक नाव मात्र खोडलेलं नाही. बिचाऱ्याने धान्य परत केलं नाही की लिहायचं राहून गेलं, कोण जाणे! त्या एका ओळीपाशी मी बराच वेळ बसून होते.

हा कागद दाखवायला भाऊजी हवे होते. ते २०११ साली गेले. मोडी त्यांनी शिकलीच नाही. मीही कधी त्यांना विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं.

भाचीच्या नियमाला मी आता एक पोटनियम जोडला आहे. भांडी, कपडे, छत्र्या खुशाल टाका. पण जो कागद आपल्याला वाचता येत नाही, तो वाचता येणाऱ्याला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही. आणि घरातल्या फोटोंच्या मागे नावं लिहून ठेवा. आत्ताच, ओळखणारे आहेत तोवर. चाळीस वर्षांनी तेही मोडीच होणार आहेत.

असो. ट्रंक नव्या घरी येणार आहे. भाचीने कपाळाला हात लावला, पण तिनेच ती दोरीने बांधून दिली.