शब्दवेध : पोल

‘पोलिंग बूथ’, ‘एक्झिट पोल’ हे शब्द आता मराठीत रुळले आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे डोकं. डोकी मोजून कौल घेतला जाई, म्हणून मतदानही ‘पोल’ झालं. माणशी बसवलेला कर तो ‘पोल टॅक्स’. आपली ‘शिरगणती’ याच वळणाची.

इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होतं. मतदाराचं नाव, बहुधा पत्ता किंवा धंदा आणि त्याने कुणाला मत दिलं, हे ‘पोल बुका’त उतरवलं जाई. अशी पुस्तकं छापून विकलीही जात. अनेक शहरांत मताचा हक्क ‘फ्रीमन’ना असे. हे नागरिकपद वडिलांच्या वारशाने, कारागिराकडे सहसा सात वर्षं उमेदवारी करून किंवा पैसे भरून मिळे. यॉर्कमधल्या फ्रीमनच्या नोंदी १२७२ पासूनच्या आहेत.

दोन्ही दप्तरं ताडून पाहिली, तर एखादा चांभार किंवा सुतार कोणाचा मुलगा, कोणाचा शिष्य आणि कोणत्या पक्षाचा, हे कळू शकतं. सामान्य माणसाच्या राजकीय मताचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने तो आवर्जून वाचावा.