बारा संगणक, एक यादी आणि 'सारखं' या शब्दाचा इतिहास

"संगणकांवर सॉफ्टवेअर टाकायचं, यावर कुणी पीएचडी करतं का?" हा प्रश्न मला घरच्यांपासून सगळ्यांनी विचारून झालाय. आज उत्तर देते.

सुरुवात माझ्या फजितीपासून. दुसऱ्या वर्षी मी प्रयोगशाळेतल्या बारा संगणकांवर एकच गणित चालवलं. अकरा उत्तरं तंतोतंत जुळली. बारावं मात्र सहाव्या दशांश स्थळापासून वेगळं! दोन आठवडे मी माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. चूक तिथे नव्हतीच. त्या बाराव्या संगणकाची हार्डडिस्क मधे बदलली होती आणि मी जुन्याच यादीवरून सगळी पॅकेजेस पुन्हा टाकली होती. यादी तीच, पण दरम्यान एका गणिती लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती.

म्हणजे 'दोन संगणक सारखे आहेत' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? माझ्या मते या क्षेत्राचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाला वेळोवेळी दिलेली वेगवेगळी उत्तरं.

पहिलं उत्तर सरळ होतं: नक्कल करा. एक संगणक नीट तयार करायचा आणि त्याची अख्खी डिस्क इतरांवर उतरवायची. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेला 'घोस्ट' हा प्रोग्रॅम याच कामासाठी घरोघरी नाही, तरी लॅबोलॅबी पोचला. पण नक्कल सारखी असते ती पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका संगणकावर काहीतरी अपडेट करतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसरं उत्तर: यादी करा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात बांधलं. डेबियनच्या डीपीकेजी या साधनाला एका संगणकावरच्या पॅकेजांची यादी मागायची, दुसऱ्याला ती द्यायची आणि बाकीचं काम त्याच्यावर सोपवायचं. शंभर संगणक असले तरी तेच. सोय मोठी आहे, मीही तीच वापरली. पण ही यादी वाणसामानाच्या यादीसारखी असते. 'तूरडाळ' लिहिलेलं असतं, कुठली आणि कधीची ते नसतं. त्या यादीत पॅकेजचं नाव असतं, आवृत्ती नसते. तुम्ही बदललेल्या सेटिंग्ज तर नसतातच.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. १९९३ मध्येच ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्रातला संशोधक वेगवेगळ्या प्रकारच्या युनिक्स संगणकांचा एक ताफा सांभाळत होता. प्रत्येकासाठी वेगळ्या आज्ञा लिहून तो वैतागला आणि त्याने 'सीएफइंजिन' लिहिलं. कल्पना अशी: 'काय करायचं' हे सांगू नका, 'शेवटी काय असायला हवं' ते लिहा. मग प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालतो, फरक दिसला तर दुरुस्त करतो, सगळं ठीक असेल तर कशालाही हात लावत नाही. आज वापरली जाणारी पपेट, शेफ, अ‍ॅन्सिबल ही साधनं बऱ्याच अंशी याच वाटेने पुढे आली.

पण यातही एक फट होती. २००२ मध्ये स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी एका निबंधात संगणक सांभाळण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: हळूहळू दूर जाणारे, हळूहळू जवळ येणारे आणि मुळापासून एकरूप असणारे. त्यांचं म्हणणं होतं की बदल कोणत्या क्रमाने केले यालाही महत्त्व आहे. वर्णनात जे लिहिलेलंच नाही, ते दुरुस्त कोण करणार? माझी लायब्ररी नेमकी याच फटीतून निसटली होती.

चौथं उत्तर चक्क एका पीएचडीतून आलं. युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डॉलस्ट्राने २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात 'निक्स'ची मांडणी आहे. इथे प्रत्येक पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनलं, त्या सगळ्यांवरून एक सांकेतिक ठसा काढतात आणि पॅकेज त्या ठशाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. घटकांपैकी एक जरी बदलला, तरी ठसा बदलतो. म्हणजे 'तूरडाळ' एवढंच न लिहिता तिचं शेत आणि गिरणीसुद्धा नोंदवायची!

आता तुम्ही म्हणाल, सहाव्या दशांश स्थळासाठी एवढा आटापिटा? पण विचार करा. माझ्याकडे तो एकच, बारावा संगणक असता तर? उत्तर आलं असतं, मी ते छापलं असतं आणि दुसऱ्या कुणाला ते जुळलं नसतं तर त्या बिचाऱ्याने आपल्याच कामात चूक शोधली असती. मला चूक कळली, कारण शेजारी अकरा संगणक होते.

म्हणून एक विनंती. तुमच्या संशोधनात संगणक असेल, तर आज पॅकेजांची यादी आवृत्त्यांसकट काढून प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. माझे दोन आठवडे गेले, तुमचे वाचतील.