झाडाआधी सातबारा : खानदेशच्या गायरानाचा इतिहास

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगला निळे झेंडे घेऊन भीमसैनिक जमतात. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते, त्याची ही आठवण. बंगल्याला आपण वंदन करतो. पण त्याच्या भोवती पसरलेलं लळिंगचं कुरण आपण कधी नीट पाहतो का? ते आज वनखात्याच्या ताब्यात आहे. खानदेशातले डोंगर आणि माळरानं सरकारी कशी झाली, आणि त्यात आपल्या माणसाचा वाटा कुठे गेला? हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. कारण आता दुष्काळ हटवण्याच्या नावाने पुन्हा याच जमिनींवर सगळ्यांची नजर आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल सहजासहजी शरण आले नाहीत. इंग्रजांनी फौजा पाठवल्या, मग १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी केली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात जळगाव-भुसावळपर्यंत रेल्वे आली. काळ्या जमिनीत कापूस वाढला, जंगल मागे हटलं. १८७८ च्या वन कायद्याने उरलेली जंगलं 'राखीव' करण्याची वाट मोकळी झाली. चारा, सरपण, मोह, डिंक हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता, तो आता साहेबाच्या मर्जीवरची सवलत झाला. जंगल कुणी संपवलं आणि शिक्षा कुणाला झाली, हे यावरून समजून घ्या.

हे सर्वात आधी कुणी ओळखलं? तात्यासाहेब फुले यांनी. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्यावर थेट आसूड ओढला. डोंगर, पडीक जमिनी आणि गायरानं या खात्याने गिळली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. ते नुसती तक्रार करून थांबले नाहीत. डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घाला, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या, मगच ते ओढ्याला जाऊ द्या, आणि गायरानं शेतकऱ्यांना परत करा, असा उपायही त्यांनी सांगितला. आज ज्याला 'पाणलोट विकास' म्हणून पुरस्कार मिळतात, ते जोतिबांनी दीडशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं. फरक एवढाच की त्यांनी पाणी आणि मालकी वेगळी केली नव्हती.

बाबासाहेबांनीही केली नाही. १९१८ मध्ये त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातधर्म न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी मांडणी केली. हाच धागा घेऊन कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. खानदेश त्यात आघाडीवर होता. ६ डिसेंबर १९६४ पासून तर देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी साधी होती : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. या रेट्यातूनच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचं त्यात ठरलं. किती जणांच्या हाती सातबारा आला, ते आपापल्या गावात विचारून पाहा.

आता काही मंडळी म्हणतात, गायरान मोकळं केल्याशिवाय झाडं कशी जगतील? ते २८ जानेवारी २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट नोंदवलाय. तो वाचायचा नाही, असं ठरवलंय का?

आणि माणसं हटवल्यानेच जंगल वाढतं, हे खोटं आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि पाड्यातल्या आदिवासींनी स्वतः समिती केली, तोडीवर दंड लावला, आळीपाळीने राखण केली, दगडमातीचे बंधारे घातले. उजाड डोंगरावरचं सुमारे ४४५ हेक्टर जंगल उभं राहिलं, आटलेल्या विहिरींना पाणी आलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी 'वनवासी' म्हणो, आम्ही आदिवासीच म्हणणार, आणि श्रेय त्यांनाच देणार. जंगल वाचलं, कारण ते वापरणारेच त्याचे राखणदार होते.

मात्र प्रत्येक गाव बारीपाड्यासारखं एकजिनसी नाही. जिथे पाटील, माळी, भिल्ल, बौद्ध, मातंग अशा वस्त्या आहेत, तिथे चराईबंदी झाली की पहिला फटका दोन शेळ्यांवर जगणाऱ्या बाईला बसतो. श्रमदानात घमेलं भूमिहीन उचलतो, पाणी वाढतं बागायतदाराच्या विहिरीत. मग त्याच्या वाट्याला काय? पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकातच उत्तर दिलं होतं : पाणी जमिनीच्या हिशोबाने नको, माणशी द्या, भूमिहीनालाही हक्क द्या. म्हणजे हे अशक्य नाही. इच्छा नाही, एवढंच.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. गायरानावर झाड लावण्याआधी १९९१ च्या निर्णयाप्रमाणे कसणाऱ्याचा सातबारा करा. २००६ च्या वनहक्क कायद्याचे सामूहिक दावे मंजूर करा. चारा, फळ आणि पाणी यात भूमिहीनांचा वाटा ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. ग्रामसभेची नोटीस लागली की घरी बसू नका, बायकांना घेऊन जा आणि हा ठराव मांडा. खानदेश हिरवा व्हावा ही आमचीही इच्छा आहे, पण त्या सावलीत आमची माणसंही बसली पाहिजेत.

जय भीम! जय ज्योती!