पुतळ्यांचा उजळा

आमच्या घरी दिवाळीची चाहूल चकलीच्या वासाने लागत नसे. ती लागे रिठ्यांच्या फेसाने. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आजी मूठभर रिठे भिजत घाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पुरुषमंडळी वामकुक्षीत असताना, माजघरात पितळी परात मांडून दागिने धुवायला बसे. आम्हां मुलांना परातीजवळ बसण्याची मुभा असे, हात लावण्याची नसे.

तिचे नियम कडक होते. नथ परातीत कधीच जात नसे. मोती ओलसर मलमलीने पुसायचे आणि बाजूला ठेवायचे. मोती हा एक प्रकारे चुनाच, आंबटाने त्याचे पाणी उतरते, हे मला शाळेत विज्ञानाचा तास घेऊ लागल्यावर कळले. आजीला ते सासूकडून कळले होते. कोल्हापुरी साजाला कढत पाणी वर्ज्य, कारण मण्यांच्या पोटात लाख असते, ती मऊ झाली की मणी चेपतो. चिंच फक्त तांब्यापितळेला. चांदीच्या पैंजणांना मात्र ती रांगोळीने घाशी, आणि इथे आजीचे चुकत होते असे मला आज नाइलाजाने म्हणावे लागते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो काळा थर चांदीचाच बनलेला असतो. घासला की चांदी गेली, आणि दरवर्षी थोडी नक्षीही गेली. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी व खाण्याचा सोडा घालून त्यात चांदी पातेल्याला टेकवून ठेवली, तर गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी उजळते. (खोलगट नक्षीत मुद्दाम काळेपणा राखला असेल तर हा उपाय करू नये, तोही जातो.)

सर्वांत शेवटी निघे ती पुतळ्यांची माळ. बारा पुतळ्या, रेशमात ओवलेल्या. पटवेकऱ्याने गाठवलेले रेशीम भिजून कुजू नये म्हणून आजी एकेक पुतळी बोटांत धरून तेवढीच धुई. प्रत्येक पुतळीवर दोन आकृत्या, एक उभी, एक गुडघे टेकलेली. “हा राम उभा, ही सीता खाली, मध्ये धनुष्य,” आजी सांगे.

पुढे वाचनात आले ते निराळेच होते. पुतळी हे मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचे नाणे. १२८४ साली ते पहिल्यांदा पाडले गेले आणि १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शंभर नंबरी राहिले. उभा आहे तो संत मार्क. गुडघे टेकून आहे तो डोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. आणि मधले धनुष्य ही निशाणाची काठी. मागच्या बाजूस तारकांच्या प्रभावळीत येशू ख्रिस्त. युरोपला आपले मिरे आणि कापड हवे असे, पण मोबदल्यात पाठवण्याजोगा माल त्यांच्याकडे फारसा नसे. म्हणून सोनेनाणे येई. अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र असा प्रवास करून ही नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि मूर्तीमुळे ‘पुतळी’ हे नाव घेऊन, मागे नाके जोडून बायकांच्या गळ्यात आली. दाढीवाल्या डोजेला महाराष्ट्रात सीतामाई व्हावे लागले, हे व्हेनिसच्या दरबाराला कळते तर!

इतके चोख सोने गंजत नाही, काळेही पडत नाही. त्यावर बसतो तो घाम, तेल, हळदकुंकू. त्याला रिठा पुरतो. पण १९८७ साली आत्याचे लग्न निघाले आणि माळ लखलखली पाहिजे असा आजोबांनी हट्ट धरला. आजीने ती आधी एका सराफाकडे तोलून आणली आणि मग दुसऱ्या एका सोनाराकडे उजळा द्यायला दिली. माळ परत आली ती नव्या नवरीसारखी, आणि चार गुंजा हलकी. राम-सीतेची तोंडे पुसट झाली होती.

“मळ गेला, काकू. मळालाही वजन असतंच,” सोनार म्हणाला.

“चार गुंजा मळ गळ्यात घालून मी इतकी वर्षं हळदीकुंकवाला जात होते होय रे?” आजी एवढेच बोलली आणि घरी आली.

मीठ, तुरटी आणि सोरा यांचा लेप लावून सोने तापवले, किंवा शोऱ्याचे आणि मिठाचे तेजाब एकत्र करून त्यात ते बुडवले, की वरचा पातळ थर विरघळतो आणि खालचे सोने झळकते. ते पाणी कोणी फेकत नाही. त्यात तांब्याची पट्टी सोडली की विरघळलेले सोने पुन्हा खाली बसते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत घेतात आणि धुऊन त्यातले कण काढतात, तिथे तेजाबाची काय कथा! सगळेच सोनार असे, असे मी म्हणणार नाही. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटांवरचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली, तेव्हा कितीतरी प्रामाणिक कारागिरांच्या चुली विझल्या.

पण ही युक्ती आमच्या गावची नव्हे, हे कळले तेव्हा मी थक्क झाले. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ शतकानुशतके दृष्टीआड होते. ते १९०९ साली म्हैसूरला छापले गेले. त्यात तयार दागिन्यांतून सोने चोरण्याच्या रीती सांगताना ठोकणे, कापणे, खरवडणे यांच्या जोडीला ‘परिमर्दन’ दिले आहे. हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंदाची पूड लावलेल्या फडक्याने दागिना घासायचा. त्याने तो झिजतो, पण कुठे मोडतोड दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतिज्ञाने आमच्या चार गुंजा जणू हिशेबात धरल्या होत्या!

माळ पुढे आत्याकडे गेली. तेरावी पुतळी मात्र देव्हाऱ्यात असे. लक्ष्मीपूजनापुरती ती बाहेर येई आणि तिला उजळा कधीच लागला नाही. ती आता माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी भिंग लावून पाहिली. दोन्ही आकृत्या ठसठशीत आहेत; मात्र कडेला डोजेचे नाव असायला हवे तिथे अक्षरे नाहीत, नुसत्या रेघोट्या आहेत. या नाण्याच्या नकला आपल्याकडेही पाडत असत, आणि ज्याला लॅटिन येत नाही त्याच्या हातून अक्षरांच्या अशाच रेघोट्या होतात. म्हणजे आमची ही पुतळी बहुधा व्हेनिस न पाहिलेली. मी ती आत्याच्या माळेसोबत सराफाकडे नेली. कसोटीवर दोन रेघा शेजारी शेजारी ओढल्या; त्याला त्यांच्या रंगात फरक सापडला नाही.